डिझायनर नेलपॉलिश: पैसे रंगाचे की नावाचे?

दिल्लीत पंखे बंद झाले आणि रात्री पायावर चादर ओढावीशी वाटू लागली, की समजावं सणांचे आणि लग्नांचे दिवस आले. लाजपत नगरच्या सेंट्रल मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही, नोएडाच्या अट्टा मार्केटमध्ये मेंदीवाल्यांचे स्टूल फुटपाथवर येतात आणि मोबाइल उघडला की तीच जाहिरात पुन्हापुन्हा समोर येते. अमुक डिझायनरने तमुक कंपनीसाठी खास निवडलेले रंग, साठा मर्यादित, फक्त या हंगामापुरते. तुम्हीही ती पाहिली असेल. कदाचित सेट बास्केटमध्ये टाकून ठेवलाही असेल, आणि किंमत पाहून हात आखडता घेतला असेल.

आमच्या घरी तो सेट आला तो लेकीच्या हातून. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी सोसायटीतल्या दोन मुलांना गणित शिकवते. पहिल्या महिन्याच्या पैशांतून तिने दिवाळीला माझ्यासाठी सहा छोट्या बाटल्यांचा एक देखणा डबा आणला. मी आधी डब्यामागची किंमत पाहिली आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘अगं, एवढ्यात दोन कुर्ते आले असते!’’ तिचा चेहरा पडला. ‘‘बरं, परत करते,’’ एवढंच म्हणाली आणि आत गेली.

डबा परत गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, ‘‘आपण हे सहाही रंग नीट वापरून बघू. पैसे वसूल झाले की नाही, ते मग ठरवू.’’ साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या, त्यांनाही ओढलं. एकोणीस, सेहेचाळीस आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे असे तीस नखांचे नमुने हाताशी होते. पुढे वाचाल ते या दोन महिन्यांच्या उद्योगातून आलं आहे. सेटचं नाव मुद्दाम देत नाही. अशा बाटल्या पुढच्या हंगामात दुकानात सापडत नाहीत, पण तसेच रंग दुसऱ्या नावाने दरवर्षी येतात. तेव्हा ओळखायला शिकायचा तो रंग.

डिझायनर नेमकं काय करतो?

आधी हे समजून घ्या. डिझायनर रंग घोटत बसत नाही. तो आपल्या त्या हंगामाच्या कपड्यांमधून रंगांचा एक संच निवडतो, बाटलीचं झाकण, डब्यावरची नक्षी आणि छटांची नावं ठरवतो. आतला माल बनतो कारखान्यातच. आणि साध्या नेलपॉलिशचा पाया बहुतेक सगळीकडे सारखा असतो. नखावर पापुद्रा धरणारं नायट्रोसेल्युलोज, ते विरघळवून ठेवणारे आणि लावताच उडून जाणारे इथाइल व ब्यूटाइल ॲसिटेटसारखे द्रव, पापुद्रा लवचिक ठेवणारा एखादा पदार्थ आणि रंग. महागड्या बाटलीत रंगद्रव्य जास्त असू शकतं, ते बारीक दळलेलं असू शकतं, ब्रश चांगला असू शकतो. हा फरक खरा आहे आणि तो हातावर दिसतोही. नावाचे पैसे मात्र त्याहून वेगळे.

हंगामागणिक नव्या छटा काढायच्या आणि ओठ व नखं एकाच रंगात रंगवायची, ही चाल रुजवण्यात अमेरिकेतल्या रेव्हलॉन कंपनीचा मोठा वाटा. ती 1932 मध्ये सुरूच झाली नेलपॉलिशपासून. फॅशनच्या रॅम्पवरून थेट नखांवर आलेल्या रंगांत सगळ्यात गाजला तो 1994 चा शनेलचा काळपट लाल ‘रूज न्वार’. ख्रिश्चन लुबुतां या पॅरिसच्या बूटवाल्याची गोष्ट तर उलटी आहे. 1993 मध्ये त्याने आपल्या मदतनीस बाईचं लाल नेलपॉलिश घेऊन बुटाचा तळ रंगवला आणि तो लाल तळ जगभर त्याची ओळख बनला. 2014 मध्ये त्याने तोच लाल रंग बाटलीत भरून विकायला काढला, 13 मिलीची बाटली 50 डॉलरला! रंग नखावरून बुटाला गेला आणि बुटावरून परत नखावर आला. मधल्या प्रवासाचं भाडं ग्राहकाने भरलं.

आपल्याकडे लॅक्मे 1952 मध्ये सुरू झाली, टाटांच्या घरात. नाव फ्रेंच ऑपेराचं, मूळ मात्र आपली लक्ष्मी. याच लॅक्मेच्या नावाने 2000 मध्ये देशातला पहिला मोठा फॅशन वीक झाला, तोही आपल्या दिल्लीत. त्यानंतर डिझायनर आणि सौंदर्यप्रसाधनं यांचं नातं घट्ट होत गेलं. 2018 मध्ये मनीष मल्होत्राने मायग्लॅमबरोबर प्रसाधनांची रांग आणली, तर मसाबा गुप्ताने 2022 मध्ये ‘लव्हचाइल्ड’ हा स्वतःचाच ब्रँड काढला. कपडे लाखाचे असले तरी नखाएवढा डिझायनर आपल्यालाही परवडतो, हे सगळ्यांच्याच लक्षात आलं.

नावांचा खेळ पाहायचा तर ओपीआय या अमेरिकी कंपनीकडे बघा. 1981 मध्ये ही मंडळी दातांच्या डॉक्टरांना लागणारं सामान विकत होती, तिथून ती नखांकडे वळली. 2008 मध्ये त्यांनी भारतावर बेतलेला एक संच काढला. त्यात ‘मून ओव्हर मुंबई’ होता, ‘मान्सूनर ऑर लेटर’ होता आणि एक होता ‘लंच ॲट द दिल्ली’. अमेरिकेत सँडविच-लोणच्यांच्या दुकानाला डेली म्हणतात, त्यावरची ही कोटी. दिल्लीत राहून नखांना ‘दिल्लीचं जेवण’ लावायचं, म्हणजे गंमतच!

आमच्या सेटमधली नावंही अशीच इंग्रजी आणि लांबलचक होती. सासूबाईंनी चष्मा पुसला, बाटल्या खिडकीतल्या उजेडात धरल्या आणि दोन मिनिटांत सहाही बाटल्यांचं बारसं केलं. आमसुली, मोरपंखी, अबोली, शेवाळी, जुनं सोनं आणि धुरकट. आयुष्यभर लुगड्यांच्या दुकानात बसून रंग पारखलेल्या पिढीला कॅटलॉग लागत नाही. तुमच्याही घरात अशी एखादी बाई असेल, तर खरेदीला तिला घेऊन जा.

सहा रंग, तीन हात

आमसुली. आमसुलाच्या आगळासारखा, काळ्याकडे झुकणारा लाल. पहिल्याच हातात जवळपास पूर्ण बसतो, दुसऱ्या हाताने चमक येते. गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, तिन्ही हातांना शोभला. काळ्या, राखी, मोतिया अशा कुठल्याही कपड्यावर चालतो आणि ऑफिसातही भडक वाटत नाही. दोष दोन. गडद असल्याने तिसऱ्या दिवशी टोकाचा टवका लगेच नजरेत येतो. आणि बेस कोट न लावता वापरलात, तर काढल्यावर नख पिवळट-लालसर राहतं. लेकीने आळस केला आणि तिची नखं आठवडाभर हुक्का ओढणाऱ्या आजोबांसारखी दिसत होती. टवक्यावर उपाय सोपा आहे. ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही एकदा फिरवायचा.

मोरपंखी. या डब्याचा राजा. निळा म्हणावा तर हिरवा आणि हिरवा म्हणावा तर निळा, आत अगदी बारीक चमक. पैठणीच्या पदराशेजारी हात धरला तेव्हा आम्ही तिघीही गप्प झालो. असा रंग स्वस्तात मिळत नाही, कारण ती दुहेरी चमक बारीक दळलेल्या चांगल्या रंगद्रव्यातूनच येते. स्वस्त मालात तीच चमक जाड दाण्यांची आणि चंदेरी दिसते. मात्र हा रंग मॉलच्या पिवळ्या दिव्यात बघून घेऊ नका. तिथे तो नुसता काळपट दिसतो. टेस्टरचा एक फटकारा पारदर्शक चिकटपट्टीवर ओढा, वाळू द्या, ती पट्टी नखावर ठेवा आणि दुकानाच्या दाराशी येऊन उन्हात बघा. ही युक्ती सगळ्याच रंगांना लागू आहे. दुकानदार क्षणभर विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

अबोली. बाटलीत सगळ्यात गोड आणि हातावर सगळ्यात नखरेल. फिक्या रंगांत पांढरं रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे ब्रशचे पट्टे दिसतात. तीन हात दिल्यावर कुठे रंग सारखा झाला, पण मग थर जाड झाला आणि वाळायला अर्धा तास गेला. लेकीच्या गोरट्या हातावर छान दिसला, माझ्या गव्हाळ हातावर खडू घासल्यासारखा. तुमचा हात गव्हाळ किंवा सावळा असेल, तर अबोली घ्यायचीच झाली तरी ती केशराकडे झुकणारी घ्या, गुलाबी-पांढुरकी नको. आणि स्वयंपाक तुम्ही करत असाल तर हळद विसरू नका. बटाट्याची भाजी परतली आणि माझ्या अबोलीची शेवंती झाली. हळदीचा रंग उन्हात फिका होतो, म्हणून बाल्कनीत हात पसरून बसले. बराचसा गेला, थोडा उरला. फिक्या रंगावर टॉप कोट हवाच.

शेवाळी. लेकीचा लाडका. शाल, डेनिम, जाड स्वेटर यांच्याबरोबर दिल्लीच्या डिसेंबरात फार देखणा दिसतो. पण लग्नाला जाताना नको, कारण हातावर मेंदी असेल तर तिच्या तांबूस तपकिरीशेजारी शेवाळी मळकट दिसतो. मेंदीच्या हाताला आमसुली किंवा डाळिंबी शोभतात.

जुनं सोनं. इथे डिझायनरने वधूचा विचार केला असावा, पण सासूचा केलेला नाही. धातूसारख्या चमकेच्या रंगात नखावरची प्रत्येक उभी रेघ उठून दिसते. वय वाढलं की अशा रेघा बहुतेकांना येतात. सासूबाईंनी एक बोट रंगवून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, ‘‘पुसून टाक बाई. पत्रा ठोकल्यासारखं दिसतंय.’’ पन्नाशीनंतर मलईसारखे, चमक नसलेले रंग घ्या. सोनेरी हौस असेल तर एकाच बोटावर किंवा टोकाला बारीक रेघ पुरे.

धुरकट. राखाडीत चंदेरी चकाकी. जाहिरातीतला मॉडेलचा हात पाहून भुलाल असा रंग. दिल्लीकरांना नोव्हेंबरात खिडकीबाहेर हाच रंग फुकट दिसतो, त्यात आणखी नखांवर कशाला! शिवाय चकाकी काढणं म्हणजे शिक्षा. कापसाचा बोळा रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवायचा, वरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळायची, पाच-सात मिनिटं बसायचं. खरवडायचं मात्र नाही. खरवडलं की नखाचा वरचा थरही निघून येतो.

हिशेब झाला तो असा. आमसुली आणि मोरपंखी पैसे वसूल, शेवाळी तरुण हातांसाठी ठीक, अबोली जपून, उरलेल्या दोन नसत्या तरी चाललं असतं. सेट घेताना हेच होतं. दोन रंगांसाठी आपण सहांचे पैसे देतो. सुट्या बाटल्या मिळत असतील तर सुट्याच घ्या.

मे महिना, पाऊस आणि जानेवारी

परदेशातल्या जाहिरातींत ‘फॉल’ आणि ‘स्प्रिंग’ असतात. आपल्या एनसीआरमध्ये ऋतू वेगळे आहेत आणि नेलपॉलिश त्यांच्याप्रमाणे वागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा बाटलीतला द्रव भराभर उडतो आणि रंग घट्ट होऊन तारा सुटू लागतात. अशा बाटलीत रिमूव्हर ओतायची चूक आपण सगळ्यांनीच केली आहे. त्याने रंग काही दिवस पातळ दिसतो, पण पापुद्रा नीट धरत नाही. नेलपॉलिशसाठीचा थिनर वेगळा मिळतो, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. प्रत्येक वेळी बाटलीचं तोंड पुसून झाकण घट्ट लावलंत तर तेही लागणार नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते, वाळायला वेळ लागतो. तेव्हा पातळ हात द्या आणि दोन हातांमध्ये थांबा. जानेवारीत रंग थंडीने जड होतो. बाटली दोन तळव्यांमध्ये फिरवा, खळखळून हलवू नका, नाहीतर बुडबुडे येतात. आणि गरम करायला हीटरजवळ किंवा गॅसपाशी कधीही नेऊ नका. नायट्रोसेल्युलोज आणि ते द्रव दोन्ही चटकन पेट घेतात. दिवाळीत पणत्या लावायच्या आधी नखं पूर्ण वाळलेली असू द्या आणि बाटल्या, रिमूव्हर देवघरापासून लांब ठेवा.

सरोजिनी नगर ते वसंत कुंज

याच शहरात वसंत कुंजच्या मॉलमध्ये काचेआड एक बाटली ठेवलेली असते आणि सदर बाजारात तशाच दिसणाऱ्या बाटल्या डझनावर मिळतात. सरोजिनीतल्या पाटीवर ओळखीच्या ब्रँडचं नाव एखादं अक्षर इकडचं तिकडे होऊन लागलेलं असतं. कपड्यात हे चालून जातं. नखांच्या बाबतीत आत काय भरलंय ते कळत नाही, म्हणून लेबल वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, मिलीमध्ये माप आणि एमआरपी हवीच. माल बाहेरून आलेला असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही हवा. यातलं काही नसेल तर बाटली खाली ठेवा.

किंमत मिलीवर काढा. समजा, डिझायनरची 6 मिलीची बाटली 450 रुपयांना आहे आणि त्याच कंपनीची साधी 9 मिलीची 270 ला. पहिली पडली 75 रुपये मिली, दुसरी 30. मधले 45 रुपये तुम्ही झाकणाचे आणि नावाचे देता आहात. द्यायचे असतील तर खुशाल द्या, हौसेला मोल नसतं. फक्त माहीत असू द्या.

‘थ्री-फ्री’ असं लिहिलेलं दिसेल. टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्यूटाइल थॅलेट ही तीन घातक मानली जाणारी रसायनं त्यात नाहीत, असा त्याचा अर्थ. हल्ली ‘टेन-फ्री’पर्यंत आकडे चढले आहेत. त्यात स्पर्धेचा भाग बराच आहे, पण पहिली तीन नसलेली बाटली घेणं शहाणपणाचं.

सलॉनमध्ये जेल लावून घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दिव्याखाली जेल कडक व्हावं म्हणून काहींमध्ये टीपीओ नावाचा घटक घालतात. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून त्यावर बंदी घातली आहे. तुमच्या सलॉनवाल्या ताईंना बाटली दाखवायला सांगा. मी विचारलं तेव्हा एका ठिकाणी दाखवली आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मॅडम, सब इम्पोर्टेड है’ एवढंच उत्तर मिळालं. तिथून मी उठले. जेल ओढून काढल्याने खराब झालेलं नख पूर्ण बदलायला जवळपास सहा महिने लागतात, कारण हाताचं नख महिन्याला साधारण तीनच मिलिमीटर वाढतं.

घरात कुणाचं ऑपरेशन असेल किंवा बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचं असेल, तर गडद रंग आधी काढा. त्याने आकडा चुकू शकतो.

संक्रांत

जानेवारीत आमच्याकडे हळदीकुंकू झालं. बाहेर धुकं, आत चार मराठी घरच्या बायका, काळ्या साड्या आणि तिळगुळाच्या वड्या. लेकीने सकाळीच आजीला खुर्चीत बसवलं होतं. ‘‘हात नको गं, लोक काय म्हणतील. पाय रंगव, पायांकडे कोण बघतंय,’’ असं म्हणून आजींनी पाय पुढे केले होते. मोरपंखी लागलं. काळ्या चंद्रकळेखालून ती दहा बोटं अशी काही दिसली की वाण द्यायला वाकलेल्या प्रत्येक बाईने आधी पायच पाहिले. दुपारी त्यांनी हातही पुढे केले.

फेब्रुवारीत त्यांना गोवा एक्सप्रेसमध्ये बसवायला निजामुद्दीनला गेलो. गाडी सुटायच्या आधी लेकीने मला कोपराने ढोसून विचारलं, ‘‘काय मग, वसूल झाले का माझे पैसे?’’

मी म्हटलं, ‘‘सहातल्या दोन बाटल्यांचे झाले.’’

‘‘एकीचेच,’’ खिडकीतून सासूबाई म्हणाल्या. ‘‘मोरपंखी माझ्या पिशवीत आहे.’’